डावा बूट

सोमवारी सकाळी काकांनी माझ्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. चिखलाने माखलेल्या क्रेप बँडेजमध्ये गुंडाळलेला डावा बूट, आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत त्याचा सुटलेला सोल. सोलसोबत काळसर चुराही होता. "सगळं गोळा करून आणलंय," ते म्हणाले. "डोंगरात कचरा टाकला नाही." उजवा बूट वेगळ्या कापडी पिशवीत होता. त्याला काहीच झालं नव्हतं. तो मी केलेला.

मी एका ट्रेकिंग बुटांच्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात आहे. विभाग म्हणजे धारावीत काळा किल्ल्याजवळच्या गल्लीतला एक गाळा, तीन माणसं, एक बफिंग मशीन, एक साइड स्टिचिंग मशीन आणि भिंतीवर पोस्टर: 'फेकू नका, शिवून घ्या.' पोस्टर लोअर परळच्या ऑफिसातून आलं. तिथल्या मुलांनी धारावीत येऊन आमच्या हातांचे फोटो काढले, हातांवरचे सोल्यूशनचे डाग मस्त येतात म्हणे. खरं सांगायचं तर आम्ही शिवतो कमी आणि चिकटवतो जास्त. 'चिकटवून घ्या' असं लिहिलं तर कोण बूट आणणार!

माझे वडील परळ स्टेशनबाहेर गटई स्टॉलवर बसायचे. रापी, आरी, पाण्याची कुंडी, एवढ्यावर घर चाललं. त्यांना ट्रेकिंग बूट दाखवला असता तर त्यांनी आधी तो उलटा करून तळ बघितला असता. मीही तेच करतो. येणारं गिऱ्हाईक मात्र वरचं कातडं दाखवतं. "बघा, अजून नव्यासारखं आहे." कातडं नव्यासारखं असणारच. चांगल्या कमावलेल्या चामड्याला तेलपाणी मिळालं तर ते पंधरा-वीस वर्षं सहज जातं. बूट मरतो तो मधे.

हे मधलं प्रकरण बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. खाली जमिनीला लागतं ते रबर. आमच्या साहेबांच्या प्रत्येक भाषणात त्या रबराची गोष्ट असते: १९३५ साली इटलीत पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक मरण पावले, त्यांच्या मोहिमेतल्या विताले ब्रामानींनी त्यानंतर खिळ्यांच्या तळाऐवजी खाचांचं रबर आणलं, आणि १९३७ मध्ये व्हिब्रम सोल जन्मला. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण रबर आणि पाय यांच्यामधे बोटभर जाडीचा फोम असतो, त्याच्यावर कुणी भाषण करत नाही. महागड्या बुटांत तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. ओझं घेऊन चालायला फार सुंदर. पण हवेतली वाफ त्याचे आतले दुवे हळूहळू तोडत राहते. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट वापरा किंवा वापरू नका, ते चालूच असतं. उलट खोक्यात बंद ठेवलेला बूट लवकर जातो, कारण आतला दमटपणा बाहेर पडायला वाट नसते. चालताना फोम दाबला जातो, सुटतो, श्वास घेतो. आठ-दहा वर्षांत त्याचा भुगा होतो आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि आपली मुंबई! पावसाळ्यात हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा. कपाटातल्या लोणच्याला बुरशी येते तिथे फोम काय टिकणार?

काका पहिल्यांदा आले ते जूनच्या सुरुवातीला. मुलुंडचे, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय चौसष्ट. बूट नऊ वर्षांपूर्वी मुलाने जर्मनीहून आणलेले. हिमालयात एकदा घातले आणि मग जपून ठेवले. सह्याद्रीच्या कातळावर एवढे महागडे बूट कशाला घासायचे, म्हणून इथे साधे बूट आणि हे खोक्यात. दरवर्षी दसऱ्याला काढून पॉलिश करायचे, पूजेत ठेवायचे, परत आत. मुलाची आठवण होती ती. मुलगा तिकडेच असतो. या वर्षी साधे बूट फाटले म्हणून हे काढले, तर सोसायटीच्या जिन्यातच उजव्याची टाच लोंबायला लागली.

उजव्याचं काही बोलायचं कारणच नव्हतं. मी ओढला आणि सोल केळ्याच्या सालीसारखा हातात आला. डावा हातात घेतला. मिडसोलच्या, म्हणजे त्या मधल्या फोमच्या, कडेवर नख दाबलं. फोम मेला असेल तर नखाची खूण तशीच राहते, जिवंत असेल तर भरून येते. आली भरून. बूट चवड्यात वाकवून बघितला, कडेला केसाएवढीही चीर नाही. ठोकून बघितला, आवाज भरीव.

"काका, दोन्ही करून घ्या," मी म्हणालो. एका बुटाचे पंधराशे, जोडीचे अठ्ठावीसशे.

त्यांनी पोस्टरकडे बोट दाखवलं. "तुम्हीच लिहिलंय ना? मग चांगला सोल फाडून कचऱ्यात कशाला?"

मागे चाचा बसले होते. आमचे जुने कारागीर, ठक्कर बाप्पा कॉलनीत चाळीस वर्षं फर्म्यावर बूट ओढलेला माणूस. मान वर न करता म्हणाले, "जोडी है भाई. जोडी में ही मरेगी।"

मी हसलो. काकाही हसले. मग मी कार्डावर लिहिलं: 'उजवा फक्त. ग्राहकाच्या आग्रहावरून.' आणि सही केली.

एकदाच म्हणालो मी, दोन्ही करा म्हणून. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर ते ऐकले असते, असं मला आज वाटतं. शिक्षक होते, दोनदा सांगितलेलं ऐकण्याची सवय असते.

उजव्यावर मी दोन दिवस घालवले. आधी हीट गनने गरम करून जुना फोम उचकटायचा, मग जो चिकट राहतो तो रापीने खरवडायचा. कुजलेलं पॉलियुरेथेन गुळाच्या काकवीसारखं बोटांना धरतं. चामड्याचा तळ पुरा कोरा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण राहिलेला प्रत्येक कण उद्या सोल सोडवणार. मग खरखरीत पॉलिश पेपर, प्रायमर, पहिला हात, सुकवणी, दुसरा हात. इथे पावसाळा आडवा येतो. सोल्यूशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवा दमट असली की त्यावर पाण्याचा पातळ पडदा बसतो. डोळ्याला नुसती पांढरट झाक दिसते. नवीन पोरं त्यावरच सोल बसवून दाबतात. चिकटतो, छान दिसतो आणि तिसऱ्या ट्रेकला सुटतो. म्हणून जून ते सप्टेंबर आमच्याकडे हे सुकवताना पंखा बंद, दिव्याखाली ऊब, आणि सगळे घामाने चिंब. लोअर परळहून एसी मागितला त्याला दोन वर्षं झाली. पोस्टर चार दिवसांत आलं होतं.

नवा मिडसोल मी ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा घातला. तो वाफेने कुजत नाही, दबून चपटा होतो, पण सांगून होतो. आता अडचण अशी, की उजव्याची उंची डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर कमी भरत होती. तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण चौसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना विचारा. मी कॉर्कचा थर कापला, टाचेला तीन आणि चवड्याला शून्य असा उतरता तासला, काचेवर दोन्ही बूट ठेवून पातळी बघितली, परत तासला. कडेने शिलाई मारली. झाल्यावर दोन्ही बूट शेजारी ठेवले तर जुना कुठला आणि नवा कुठला ते चाचांनाही लांबून ओळखता आलं नाही.

मी त्या कामावर इतका खूश होतो की डाव्याकडे मापाची पट्टी म्हणून बघत होतो. बूट म्हणून नाही.

साहेबांना फोटो पाठवले. त्यांच्या तक्त्यात 'कचऱ्यातून वाचवलेले जोड' असा रकाना आहे. तिथे एक आकडा वाढला. अर्धाच जोड केला होता, पण तक्त्यात अर्ध्याला जागा नाही.

पुढचं मला काकांनी सोमवारी सांगितलं, अगदी शांतपणे, वर्गात धडा सांगावा तसं. पाच जण हरिश्चंद्रगडाला गेले होते. खिरेश्वरहून तोलार खिंडीने वर. मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने उतरताना, खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर, जिथे रेलिंग लावलेत, डाव्या पायाखाली काहीतरी 'बसल्यासारखं' झालं. त्यांना वाटलं शेवाळ. पुढच्या पावलाला सोल मागे राहिला आणि पाय पुढे गेला. रेलिंग हातात होतं म्हणून खाली गेले नाहीत, पण घोटा पिरगळला. मग बुटालाच बँडेज बांधलं. ओल्या कातळावर कापड! दर दहा पावलांना घसरायचे. दोघे पुढे, दोघे मागे, असे धरून उतरवलं. खिरेश्वरला पोचेपर्यंत अंधार झाला होता. बरोबरच्या एकाची बायको घरी फोन लावून लावून रडकुंडीला आली होती.

"तुमचा उजवा मात्र जबरदस्त धरत होता," ते म्हणाले. "त्याच पायावर उतरलो म्हणा ना."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दुधाची पिशवी रिकामी केली. सोलचं रबर उत्तम होतं, खाचा कोऱ्या करकरीत. कडेचा फोमही, ज्यावर मी नख दाबलं होतं, अजून टणक होता. बोटाने जरा आत गेलो आणि टाचेच्या मध्यावर सगळं शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखं, ओलं, चिकट. साच्यातून निघालेल्या फोमला वरून घट्ट साय असते. मी सायीला नख लावून दूध चांगलं असल्याचं सांगितलं होतं. वीस वर्षांचा अनुभव आणि मी टाचेखाली बघितलंच नाही.

चाचांनी तो चुरा चिमटीत घेतला, चोळला, झटकला. "बोला था," एवढंही म्हणाले नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

दुपारी साहेबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "कार्डावर काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. "मग आपण सेफ आहोत." माणूस वाईट नाही. लगेच म्हणाले, काकांचे पैसे परत करा, दोन्ही सोल आपल्या खर्चाने करा. पण मी जेव्हा म्हटलं की यापुढे एक बूट करायचाच नाही, केला तर जोड, नाहीतर सरळ नाही म्हणायचं, तेव्हा थांबले. "चांगला सोल काढून टाकायचा? मग आपण लोकांना सांगतो काय?" त्यांचंही चूक नाही. त्या वाक्यात काकाच बोलत होते. आणि जूनमध्ये मीही तेच बोललो होतो, फक्त मनात.

आता मी नख लावत नाही. आतलं पातळ इनसोल काढतो, टाचेच्या मध्यावर आरी दाबतो, आणि टोक बाहेर काढून बघतो. चिकट भुगा लागला की जोड बाजूला. भोक राहतं, ते मी बुजवतो. गिऱ्हाइकांना आवडत नाही. परवा एक मुलगी म्हणाली, "अहो, चांगल्या बुटाला भोक पाडताय?" तिच्या बुटातून आरी स्वच्छ निघाली. ती जास्तच चिडली.

काकांचे पैसे परत देऊ केले, ते घेईनात. शेवटी डाव्याचे घेणार नाही या बोलीवर तडजोड झाली. बूट ठेवून गेले आणि जाताना पोस्टरकडे बघून म्हणाले, "याला दसऱ्याला हार घालू नका, वापरा." ते पोस्टरला बोलले की बुटांना, कळलं नाही.

डावा मी केला. उजव्याचाही सोल परत काढला, माझाच, चांगला, आणि दोन्ही एका दिवशी, एकाच डब्यातल्या सोल्यूशनने, एकाच शीटमधल्या ईव्हीएने बसवले. कॉर्कची गरज पडली नाही. शिलाई दुहेरी. होऊन तीन आठवडे झाले.

काकांचा नंबर आठ आहे. माझाही आठ. रोज सकाळी सायन स्टेशनवर उतरून मी ते बूट घालतो आणि गाळ्यापर्यंत चालत येतो, जिथे जास्तीत जास्त पाणी साचलंय त्या बाजूने. संध्याकाळी परत. रात्री कडेकडेने बोट फिरवून बघतो. चाचांना माहीत आहे, ते काही बोलत नाहीत, फक्त सकाळी मी आलो की आधी माझ्या पायांकडे बघतात.

काकांचा दर शनिवारी फोन येतो. "झाले का हो?"

"अजून वाळतायत, काका," मी सांगतो. "हवा दमट आहे ना."