केळीच्या मळ्यातली दीड मिनिटं

पाइपलाइनच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढणं हे माझं बारा वर्षांचं काम. जॉइंटला फिल्म बांधायची, लांब उभं राहून हँडल फिरवत इरिडियम-१९२ चा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा तुकडा, कॅमेऱ्याबाहेर, म्हणजे त्याच्या जाड आवरणाच्या पेटीबाहेर काढायचा, वेळ भरली की परत आत घ्यायचा. हे रात्री चालतं, कारण रात्री शिवारात माणूस नसतो असं आम्ही धरून चालतो.

शिरपूर तालुक्यात त्या रात्री माणूस होता.

सोर्स २२ क्युरीचा होता; क्युरी म्हणजे सोर्सच्या ताकदीचं माप. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून रोज तक्ता बघावा लागतो. एवढ्या उघड्या सोर्सपासून एक मीटरवर अकरा-बारा मिनिटं उभं राहिलं, तर आमच्यासारख्या कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा, २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या माऱ्याचं, म्हणजे डोसचं माप), तिथंच संपते. अंतर दहापट वाढवलं की मारा शंभर पटींनी उतरतो. सगळी भिस्त माणसांना लांब ठेवणाऱ्या दोरावर. दोर मी स्वतः सर्व्हे मीटर, म्हणजे किरणं मोजायचं यंत्र, धरून बांधला होता. पण पहाऱ्याला चार जण मागितले तर ठेकेदारानं दोनच पोरं दिली, विहिरीकडची बाजू मोकळी राहिली. तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

सव्वादहाला केळीच्या ओळीतून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मी ओरडलो आणि हँडल उलटं फिरवायला लागलो. अशा वेळी आधी माणसाकडे धावायचं नसतं, आधी सोर्स आत घ्यायचा. पूर्ण आत गेल्याची खात्री मीटरवर केली, मग पळालो.

सत्तरीचे आबा होते. "लाईट उनी ना भाऊ, मोटार चालू करनी शे." शेतीची वीज रात्रीची, दोर अंधारात दिसला नाही. आमचा धोक्याचा तांबडा दिवा त्यांना लांबून दिसला होता, पण त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

सकाळी टेप धरून मोजलं. सर्वांत जवळ आले तेव्हा अंतर आठ मीटर, सगळं मिळून दीड मिनिट. किरणं एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या कॉलिमेटरचा आडोसा हिशोबात न धरताही डोस ५० मायक्रोसिव्हर्टच्या आत; हजार मायक्रोसिव्हर्टचा एक मिलिसिव्हर्ट. जगात माणसाला माती, हवा, अन्न, आकाश यांतून वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे हा साधारण आठवड्याचा वाटा. ठेकेदार म्हणाला, कशाला लिहिता? मी आरएसओंना, म्हणजे आमच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांना, लेखी कळवलं.

आबांना मात्र रात्रीच "काही होत नाही" एवढं सांगून मोकळा झालो होतो.

नऊ दिवसांनी कळलं, ते गोठ्यात झोपतात. त्या रात्रीचं धोतर आणि बंडी त्यांनी जाळली. दोन वर्षांच्या नातवाला हात लावत नाहीत. आपल्या अंगाचं त्याला लागेल, ही भीती.

मी मीटर घेऊन घरी गेलो. आधी अंगणातल्या दगडावर धरला, मग आबांच्या छातीवर, गोधडीवर, नातवाच्या पाठीवर. काटा सगळीकडे तेवढाच हलला. सांगितलं, आबा, दिव्यासमोर उभं राहिलात म्हणून तुम्ही दिवा होत नाही. किरणं अंगावर पडली, सोर्स आत गेला तशी थांबली. लागण्यासारखी गोष्ट वेगळी, ती धूळ असते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारवाल्यांनी इलाजाच्या जुन्या यंत्रातली किरणोत्सारी सीझियमची डबी फोडली, निळी चमकणारी भुकटी लोकांनी घरोघर नेली, अंगाला चोळली. चार माणसं गेली. तिथं कपडे उतरवायचे, अंग धुवायचं, तोंडात-नाकात काही जाऊ द्यायचं नाही. आमचं इरिडियम पोलादी कॅप्सूलमध्ये बंद असतं. त्याची खरी भीती म्हणजे तो इवलासा तुकडा कुठं सुटून पडला आणि कोणी खिशात घातला तर. तसं काही शेतात दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा.

आबा ऐकत होते. मग म्हणाले, "काहीच नव्हतं ते मंग तुम्ही पयत का बरं उनात?"

खोटं बोलवेना. म्हटलं, आबा, तुम्ही पाइपाला टेकून विडी ओढत बसला असतात तर काहीच नाही असं मला म्हणता आलं नसतं. तुम्ही चालत होतात म्हणून वाचलात, माझ्या दोरानं नाही वाचलात.

सून दारात उभी होती. तिनं पोराला आबांपुढे सोडलं. त्यांनी लगेच उचललं नाही. मला म्हणाले, परत एकदा लाव ते मशीन, त्याच्या पाठीला. मी लावलं.