लॉक नाही, तरी खोळंबा

"प्रोसेसरचे दोन कोअर दोन वेगळी व्हेरिएबल वापरतात, मध्ये लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नाही, तरी कोअर वाढवले की काम मंदावतं. असं का?" कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅशचा, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, सगळा कारभार लाइनच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या, हिशोबाने चालतो. एक्स८६ वर (इंटेल, एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर) लाइन ६४ बाइटची. त्यातल्या एका बाइटवर जरी लिहायचं झालं, तरी इतर कोअरकडच्या त्या लाइनच्या प्रती आधी रद्द होतात. तुमच्या व्हेरिएबलला कुणी हात लावलेला नाही, हे हार्डवेअरला कळतच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. हेच फॉल्स शेअरिंग.

मला ते खऱ्या अर्थाने उमगलं एका ड्रायव्हरमुळे. दर पॅकेटला सगळे कोअर एक फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता) वाचायचे. सुरुवातीला एकदा भरला की तो कधी बदलत नसे, आणि कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या प्रोफाइलमध्ये सर्वाधिक वेळ दिसत होता तो नेमका त्याच्याच वाचनावर. साधी लोड इन्स्ट्रक्शन! दोन दिवस मी लॉकच तपासत बसलो. मग कोअरमधली लाइनची ओढाताण दाखवणारं 'पर्फ सी-टू-सी' हे साधन चालवलं, तर एकाच लाइनखाली दोन ऑफसेट (लाइनमधल्या जागा) आले: ४० वर पॉइंटर, ४८ वर पॅकेट मोजणारा काउंटर. 'पाहोल' या साधनाने स्ट्रक्चरची, म्हणजे एकत्र ठेवलेल्या फील्डच्या गठ्ठ्याची, मांडणी काढली, तिथेही दोघे शेजारी शेजारी.

काउंटर दुसऱ्या लाइनवर नेला आणि पॉइंटरचं वाचन मोकळं झालं. पण काउंटरसाठीची झोंबाझोंबी तशीच राहिली, कारण तो खरोखरच सगळ्यांचा होता. तिथे जागा बदलून भागत नाही. तो पर-सीपीयू केला: प्रत्येक कोअर आपापला आकडा वाढवतो, बेरीज वाचणारा करतो. आकडेवारी क्वचितच वाचली जाते, म्हणून हा सौदा परवडतो.

मग सगळीकडे पॅडिंगच, म्हणजे फील्डमध्ये रिकामी जागाच, का टाकू नये, असंही लोक विचारतात. नका टाकू. ज्या स्ट्रक्चरच्या लाखो प्रती बनतात, त्यात ८ बाइटच्या फील्डला ६४ बाइट दिले तर मेमरी जाते आणि कॅशही भरते. शिवाय आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर लाइन १२८ बाइटची, त्यांच्याच मेनफ्रेमच्या एस३९० वर २५६ ची; तिथे पॅडिंग आणखी महाग. मला मांडणी बदलणं जास्त पटतं: फक्त वाचली जाणारी फील्ड एकत्र, सतत लिहिली जाणारी दूर. २०२४ साली लिनक्स ६.८ मध्ये नेटवर्किंगच्या मुख्य स्ट्रक्चरची फील्ड अशीच गट पाडून नव्याने लावली गेली.

आणखी एक सवय लावून घ्या. फ्लॅग आधीच १ असताना त्यावर पुन्हा १ लिहिलं, तरी लाइन ताब्यात घ्यावीच लागते. म्हणून आधी वाचा, मूल्य वेगळं असेल तरच लिहा. त्या ड्रायव्हरमधला माझा शेवटचा पॅच एवढाच होता: एक इफ.