मुरलेला चहा आणि गोड्या मसाल्याची बरणी

चीनमध्ये ग्वांगझूला येऊन चार वर्षं झाली पण फांगत्सुनच्या चहाबाजारात गेलो गेल्या दिवाळीनंतर. आपल्याकडे मार्केटयार्डात गुळाचे गाळे असतात ना, तसे इथे गल्ल्याच्या गल्ल्या फक्त चहाच्या. तिथून एक चकती आणली. हो चकतीच, भाकरीएवढी, कागदात गुंडाळलेली, खालून मधोमध खळगा. चीनच्याच युनान प्रांतातला पू-अर चहा (मित्राला फोनवर सांगितलं तर म्हणे, पुअर का, एवढे पैसे देऊन?). एक चकती ३५७ ग्रॅमची, अशा सात बांबूच्या सालीत बांधल्या की अडीच किलोची गड्डी.

यात दोन प्रकार. कच्चा म्हणजे शंग, पानं कढईत परतून, उन्हात वाळवून, वाफ देऊन दाबतात आणि मग वर्षानुवर्षं नुसता ठेवून देतात, आपला आपण मुरत बसतो. दुसरा शौ, १९७३ला युनानमधल्या खुनमिंगच्या कारखान्यात ढीग लावून, पाणी मारून लवकर मुरवायची पद्धत बसवली तो. आढीत पिकलेला आंबा आणि घाईने पिकवलेला आंबा असा फरक, अर्थात हे माझं मत, शौवाले भांडतील.

माझी चकती शंग, कागदावर साल २००६. पुढच्याच वर्षी या चहाचे भाव वेड्यासारखे चढून धाडकन आपटले होते, साठा करून बसलेले कितीतरी व्यापारी बुडाले. अर्थात कागदावर साल छापायला काय लागतं, दुकानदार शपथा घेत होता म्हणून जास्तच शंका आली, पण प्यायला दिला तो आवडला, घेतली.

आणि मग शहाणपणा केला. वसंतात इथे एवढी दमट हवा असते की भिंतींना, फरशीला घाम फुटतो, म्हणून चकती किचनच्या वरच्या कपाटात ठेवली, आईच्या गोड्या मसाल्याच्या बरणीशेजारी, आणि बरणीचं झाकण सैल! दोन महिन्यांनी घरमालकीणबाई आल्या, म्हटलं चला उघडू. त्यांनी सुईसारखं हत्यार कडेने घालून पानं न मोडता अलगद थर सोडवला (मी केलं तेव्हा सुई अंगठ्यात गेली होती), सातेक ग्रॅम झाकणाच्या वाटीत, उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं दहा सेकंदांत गाळलं. रंग पातळ काकवीसारखा. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, वाटीचं झाकण हुंगलं आणि विचारलं, यात काय घातलंयस?

बरणी दाखवली तर हसून हसून खुर्चीत बसल्या. चहा वास ओढतो, किचनमध्ये कोण ठेवतं!

पण चकतीचा मधला भाग मसाल्याच्या वासातून वाचलाय. आधी कडू, मग घशाशी गोड, अगदी आवळा खाऊन पाणी प्यायल्यासारखं, आणि मागून आजोळच्या माळ्यावरचा जुन्या लाकडाचा वास. आईला सांगितलं तर तिला काहीच नवल नाही, म्हणाली, तांदूळ जुना, चिंच जुनी, मग चहा का नको.

आता चकती बेडरूममध्ये मातीच्या हंडीत आहे. कडेचे मसालेवाले तुकडे वेगळ्या डब्यात काढलेत, ते मी एकटाच पितो, चौथ्या पाण्यापर्यंत दगडफूल येतं, मग चहा सुरू होतो.