नवा फोन, तोच नंबर

इंदूरच्या जेल रोडवर नवा फाईव्ह-जी फोन घेताना मी मोबाइल कंपनीही बदलली, कारण घराच्या आतल्या खोल्यांत जुन्या कंपनीची रेंज नीट मिळत नव्हती आणि ती उणीव केवळ महागड्या फोनने भरून निघणार नव्हती. आपल्याकडे बाजारातले बहुतेक फोन कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालतात, त्यामुळे फोन आणि सेवा यांची निवड स्वतंत्रपणे करता येते. ग्राहकाचे हे स्वातंत्र्य मला फार मोलाचे वाटते.

नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर लागू झाली. बँक, गॅस एजन्सी आणि पुण्या-बडोद्याचे नातेवाईक या सर्वांकडे आमचा हाच नंबर असल्याने तिचे महत्त्व मला अधिकच जाणवले. 1900 वर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे आपला नंबर पाठवला की नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो; मध्य प्रदेशात तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत मात्र 90 दिवस पूर्ण झालेले असावे लागतात. प्रीपेड ग्राहकांनी उरलेला बॅलन्स आधी वापरून टाकावा, कारण तो नव्या कंपनीकडे जात नाही.