लाल जाकीट घालून मॅसिलनला

ऑक्टोबरात ओहायोमध्ये थंडी वाजते हे मला तीन जणांनी सांगितलं होतं. मी 'असू दे' म्हणून एकच जाकीट नेलं. महाद्वार रोडवर घासाघीस करून घेतलेलं, लालभडक. त्या जाकिटापायी मला जी अमेरिका दिसली ती नायगाऱ्यालाही दिसली नाही. (नायगारा पाहिला. पाणी भरपूर आहे, माणसं त्याहून जास्त.)

2023 सालची गोष्ट. गेलो होतो लेकीच्या बाळंतपणाला. म्हणजे बाळंतपणाला ही गेली होती, मी सामानाबरोबर गेलो होतो. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा. नात झाली आणि घरात माझा उपयोग संपला. टीव्ही लावला तर आवाज होतो, दार उघडलं तर वारं येतं, स्वयंपाकघरात उभा राहिलो तर पायात पायात येतो. नवव्या दिवशी शनिवार होता. ही जावयांना म्हणाली, "ह्यांना जरा कुठंतरी फिरवून आणा बघू."

जावई म्हणाले, "बाबा, फुटबॉल मॅचला येता?"

कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं असतं होय? पाटाकडील आणि दिलबहार यांची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आमची हयात गेली. पण जावयांनी लगेच दोन इशारे दिले. पहिला, हा आपला फुटबॉल नव्हे, ही शाळेतली पोरं अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळणार आहेत. दुसरा, "बाबा, तेवढं लाल नका घालू."

"का?"

"आपण मॅसिलनच्या बाजूला बसणार आहोत."

मला हा काही साडेसातीतला तोडगा वाटला. शिवाय दुसरं काही अंगावर येईना. जावयांचं जाकीट माझ्या पोटावर मिटत नव्हतं. लाल घालूनच निघालो.

मॅच होती कँटन आणि मॅसिलन या शेजारशेजारच्या गावांतल्या शाळांची. कँटन ते मॅसिलन अंतर आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. कोल्हापूरहून कागल याहून लांब. दोन्ही गावांमधून एकच सरळ रस्ता जातो, पण कँटनमध्ये त्याचं नाव टस्करावस स्ट्रीट आणि मॅसिलनमध्ये लिंकन वे. एका रस्त्याला दोघं मिळून एक नाव ठेवू शकले नाहीत, यातच मला काय ते कळायला हवं होतं. कँटनची शाळा मॅककिन्ली हायस्कूल. अमेरिकेचे पंचविसावे अध्यक्ष विल्यम मॅककिन्ली कँटनचेच, 1901 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. शाळेला लागूनच त्यांची घुमटाची समाधी आहे. आदल्या आठवड्यात ती पाहिली होती. पायऱ्या बरोबर 108. हिनं त्या मोजल्या आणि वर गेल्यावर हात जोडले.

मॅसिलनचं मैदान लांबूनच दिसलं. गावाची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आणि शाळेच्या मैदानात साडेसोळा हजार माणसं बसतात. शाळेच्या! 1939 मध्ये, मंदीच्या काळात सरकारनं बेकारांना काम म्हणून जी बांधकामं काढली, त्यातून हे उभं राहिलं. आता नाव आहे पॉल ब्राउन टायगर स्टेडियम. वाटेत घराघरांवर नारिंगी झेंडे, दुकानांच्या काचांवर वाघाचे पंजे, गाड्यांच्या मागची दारं उघडून लोक शेगड्यांवर मांस भाजत बसलेले. पार्किंगवाल्यानं माझ्या जाकिटाकडं बघितलं, जावयांकडं बघितलं आणि काही न बोलता पैसे घेतले. आत गेल्यावर उलगडा झाला. आमच्या बाजूचा माणूस न माणूस नारिंगी आणि काळ्यात, समोरची बाजू लाल आणि काळ्यात. काळा दोघांचा. भांडण उरलेल्या रंगाचं. आणि नारिंगी बाजूच्या बरोबर मध्यावर मी, पिकल्या मिरचीसारखा.

पाच मिनिटं झाली असतील. मागून खांद्यावर काहीतरी पडलं. नारिंगी घोंगडी, जाडजूड, वाघाचं तोंड असलेली. वळून बघतो तर सत्तरी ओलांडलेली एक बाई. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हटलं परक्या देशात परक्या माणसाची काळजी, बघा! मी आभार मानले. बाई म्हणाली, "थंडीसाठी नाही दिलेली. तो रंग डोळ्यांसमोर ठेवून मला मॅच बघता येत नाही."

बाईशेजारी तिचा नवरा होता, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. ही दोन्ही गावं मुळात भट्ट्यांची. कँटनची बेअरिंग जगभर जातात, जावईही त्याच धंद्यात. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला त्या माणसाचे हात बघूनच आपलेपणा वाटला. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना पांढरा डाग होता. मी त्याला माझ्या मनगटावरचा दाखवला. तिथून आमची जमली, आणि मैदानावर काय चाललंय ते मला निम्मंच दिसलं.

निम्मं दिसलं तेही निम्मंच कळलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याचा. चार सेकंद पळायचं आणि अर्धा मिनिट सल्लामसलत करायची. अल्युमिनियमच्या बाकाखालून गारठा वर चढत होता, आणि मला शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांची आठवण येत होती. पण आवाज! बँड सुरू झाला की बाक थरथरतं. वाघाचं कातडं पांघरलेला एक विद्यार्थी धावपट्टीवर नाचत होता. म्हातारा म्हणाला, पूर्वी खरा वाघाचा बछडा आणायचे. 2012 मध्ये ओहायोनं हिंस्र प्राणी पाळण्यावर कडक कायदा केला, त्यातही शाळेच्या वाघासाठी सवलत ठेवली होती म्हणे. मी म्हटलं आमच्या कोल्हापूरच्या महाराजांकडं शिकारी चित्ते असायचे. त्यावर तो जे गप्प झाला, त्यात मी पहिला गोल मारला असं समजतो.

मग त्यानं मला इतिहास ऐकवला. पहिला सामना 1894 मध्ये झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये याच मॅसिलनमधून जेकब कॉक्सी नावाचा माणूस बेकारांचा मोर्चा घेऊन पायी वॉशिंग्टनला निघाला होता. म्हणजे गावात काम नाही, खिशात पैसा नाही आणि शेजारच्या गावाला हरवायचं आहे. पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढं दोन्ही गावांनी पगारी संघही काढले, मोठ्या माणसांचे, बाहेरून खेळाडू विकत आणून. 1906 मध्ये त्यांच्या दोन सामन्यांवर सट्टा आणि फितुरीचा आरोप झाला, आणि तो पगारी खेळ काही वर्षं पार बसला. "कुणी फितवलं?" मी विचारलं. "कँटननं," म्हातारा म्हणाला. समोरच्या बाजूला बसलो असतो तर उत्तर वेगळं मिळालं असतं, एवढं न विचारता कळलं.

पगारी खेळ बसला, पण शाळेचा सामना चालूच राहिला. आजवर सव्वाशेच्या वर झाले. 1920 मध्ये कँटनच्या एका मोटारविक्रीच्या दुकानात, गाड्यांच्या पायदांड्यांवर बसून काही लोकांनी जी संघटना काढली तीच पुढं एनएफएल, म्हणजे या खेळाची देशातली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग झाली. त्या जोरावर 1963 पासून फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं संग्रहालय, कँटनमध्ये आहे. ते आम्ही आधीच पाहिलं होतं आणि मला ते एखाद्या श्रीमंत देवस्थानासारखं वाटलं होतं, देव काचेत आणि प्रसाद महाग. म्हाताऱ्याचं दुखणं वेगळंच. "इमारत त्यांच्याकडं, पण पॉल ब्राउन आमचा."

हा पॉल ब्राउन याच शाळेत शिकलेला. 1932 मध्ये प्रशिक्षक म्हणून परत आला आणि पहिली तिन्ही वर्षं कँटनकडून हरला. आमच्याकडं असा प्रशिक्षक तिसऱ्या वर्षी रंकाळ्यात सापडला असता. इथं त्याला ठेवला, आणि पुढची सहाच्या सहा वर्षं त्यानं कँटनला हरवलं. नऊ हंगामांत 80 विजय, 8 पराभव, 2 बरोबरी. मग तो मोठा होत गेला, क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाचं नावच त्याच्यावरून पडलं.

आणि इथं ती गोष्ट आली जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. तीसच्या दशकात मॅककिन्लीच्या संघात मॅरियन मॉटली नावाचा एक धिप्पाड कृष्णवर्णीय पोरगा होता. शाळेच्या सगळ्या वर्षांत त्याचा संघ हरला तो फक्त मॅसिलनकडून, म्हणजे ब्राउनकडून. 1946 मध्ये, व्यावसायिक फुटबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना बरीच वर्षं बंद असलेली दारं नुकती किलकिली होत असताना, ब्राउननं क्लीव्हलँडसाठी ज्यांना घेतलं त्यात हा मॉटली होता. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये हीच बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन आला तो त्यानंतरच्या वर्षी. ज्याला तीन वर्षं समोरून पाडायची योजना आखली, त्याला ब्राउन पुरता ओळखून होता. आपल्या गावातला माणूस आपल्याला एवढा बघत नाही, जेवढा शेजारच्या गावातला खुन्नस ठेवणारा बघतो. मी हे म्हाताऱ्याला मोडक्या इंग्रजीत सांगायला गेलो. तो म्हणाला, "मॉटली आमच्याकडं असता तर अजून बरं झालं असतं."

मध्यंतरात बाईनं विचारलं, इकडं कसं येणं झालं? मी सांगितलं, नात झाली, नऊ दिवसांची आहे. बाई हरखली. पुढच्या ओळीतल्या दोघी वळल्या. "कुठं झाली?"

"कँटनला."

जावयांनी मला कोपरानं ढोसलं, पण शब्द गेला होता. ओळच्या ओळ गप्प. मग म्हातारा खाली बघून म्हणाला, "आता सगळ्यांचीच तिथं होतात." मॅसिलनमधलं मोठं रुग्णालय 2018 मध्ये बंद पडलं. आता गावातल्या पोरी तेरा किलोमीटर जाऊन शत्रूच्या गावात बाळंत होतात. आणि त्यानं मला पाळण्याची रीत सांगितली. मॅसिलनमध्ये मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवायचा. कित्येक दशकांची रीत. ह्याच्या तिन्ही पोरांच्या पाळण्यात होता. बोलताना त्यानं तळहात वाटीसारखा करून दाखवला, इतका, एवढाच. भाजल्याचा डाग त्या वाटीच्या काठावर आला.

"मुलींना?" मी विचारलं.

म्हातारा बायकोकडं बघायला लागला. बाई म्हणाली, "मुलींनी पोरांचे चोरले. मी माझ्या भावाचा चोरला होता."

मॅच मॅसिलननं जिंकली. शेवटी कोण कुठं पळालं विचारू नका, मी पाय आपटून ऊब आणत होतो. घोंगडी परत करताना बाईनं आधी तिची बाजू तपासली, लाल धागा लागला नाही ना. बाहेर एका टपरीवर ते छोटे रबरी फुटबॉल टांगलेले होते, वाघाचं तोंड छापलेले. किंमत दहा डॉलर. मनातल्या मनात 83 नं गुणलं आणि पुढं गेलो. आठशेतीस रुपयांचं रबर! गाडीपर्यंत गेलो, जावयांना थांबा म्हणालो, परत आलो, घेतला. घासाघीस करून बघितली. त्या पोराला मी काय करतोय तेच कळलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही तिथंच होतो, तेव्हा मॅसिलननं राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, 7 विरुद्ध 2. बाद फेरीची पद्धत 1972 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पहिल्यांदा. अंतिम सामना होता कँटनच्या मैदानावर. म्हाताऱ्याला काय वाटलं असेल ते मला त्या वाटीएवढ्या तळहातावरून कळतं.

पण त्याआधी बाराव्या दिवशी बारसं झालं. मराठी मंडळातल्या पाच बायका आल्या, पाळणा भाड्यानं आणलेला, हिनं बाळंतविडा मांडला आणि ऐन वेळी लक्षात आलं की पाळण्यात बाळाआधी घालायला वरवंटाच नाही. लेकीच्या घरात मिक्सर. एकजण म्हणाली लाटणं चालेल, दुसरी म्हणाली छे, गोप्याला गोलाई पाहिजे. मी आतून माझी खरेदी आणली. हिनं हातात घेऊन उलटसुलट केली.

"चामड्याचं नाही ना?"

"रबर आहे."

हिनं वाघाच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, फुटबॉल टॉवेलात गुंडाळला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या खालून वर, वरून खाली फिरवला आणि उशाशी ठेवला. जावई फोटो काढत होते. काढून झाल्यावर म्हणाले, "बाबा, हा ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका हं. तिथं सगळे मॅककिन्लीचे आहेत."