पेडण्यातल्या आमच्या पडवीत बनला माझा पहिला सर्फबोर्ड

गोव्यातल्या आश्वे किनाऱ्यावर सर्फिंग शिकून दोन सीझन झाले, दरवेळी भाड्याचा बोर्ड, म्हणून ठरवलं की आता स्वतःच बनवायचा. बाबा सुतार, हत्यारं घरातच. पण चवथीच्या आधी बाबांना जेवायला फुरसत नसते, त्यामुळे हात लावला तो चवथ झाल्यावरच.

माप आधी ठरवलं, ७ फूट २ इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, म्हणजे साधारण ४८ लिटर. आपल्याकडची लाट लहान आणि मऊ, तिच्यावर बोर्डाचा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, तो जास्त असला की बोर्ड पळतच नाही, नुसतं पाणी ढकलत बसतो, म्हणून तो कमी ठेवला.

पॉलियुरेथेनचा तयार ब्लँक, म्हणजे बोर्डाच्या आकाराचा फोमचा ठोकळा, परवडणारा नव्हता म्हणून थर्माकोल घेतलं, पण पॅकिंगचं नाही हां, त्याचे दाणे रंध्याखाली उपटून येतात, घनमीटरला ३० किलोच्या आसपासचा जड ठोकळा मागवला. वरच्या फायबरच्या कापडात मुरून कडक होणारं रेझिन बोटीला फायबर मारणाऱ्यांकडून आणणार होतो, बरं झालं आधी एका तुकड्यावर थोडं ओतून बघितलं, त्या पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं थर्माकोल विरघळून सरळ खड्डा पडला. मग इपॉक्सी रेझिनच.

ठोकळा मधोमध उभा कापून ४ एमएमच्या प्लायची पट्टी आत चिकटवली, तो स्ट्रिंगर. दोन्ही बाजूंना फर्मे ठोकून तापलेल्या तारेनं बाक कापला, मग रंधा. इथे बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वरचा दिवा बंद केला आणि बोर्डाच्या उंचीवर दोन बाजूंना ट्यूबलाइट लावल्या, "वरच्या उजेडात सगळंच सपाट दिसतं, सावली बघ". आणि खरंच, जिथे खोलगट होतं तिथे सावली उभी राहिली, मला तोवर काही दिसलंच नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ रेल्सना गेला, म्हणजे बोर्डाच्या कडा, तिरके पट्टे काढत काढत गोल करायच्या आणि दोन्हीकडे अगदी सारख्या. मला वाटलं झालं, बाबांनी डोळे मिटून दोन्ही कडांवरून एकदम हात फिरवला, म्हणाले, "डावीकडे पोट आहे रे". मोजलं तर ३ एमएम! त्या दिवशी मला कळलं की हे काम मला आयुष्यभर करायचंय.

मग फायबर, आणि इथे मी मोठी चूक केली. खालच्या बाजूला २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, फायबरचं कापड अंथरून सकाळी दहाला इपॉक्सी ओतलं. ऊन चढलं, पत्रे तापले, थर्माकोलमधली हवा फुगून ओल्या कापडातून वर यायला लागली, तासाभरात सगळीकडे बुडबुडे. मी एकेक दाबत सुटलो, पण रेझिन तोवर घट्ट होत आलेलं. दोन दिवस घासून भोकं भरत बसलो. वरची बाजू मग संध्याकाळी पाचनंतर घेतली, हवा गार होत जाते तसं फोम उलट रेझिन आत ओढून घेतं, उभं राहायची बाजू म्हणून कापड दुहेरी, तरी एक बुडबुडा नाही. आणि रेझिन एकदम कालवायचं नाही, एवढं पातेलंभर ठेवलं तर गोव्याच्या उकाड्यात ते स्वतःच तापून धूर सोडतं, छोट्या कपात थोडं थोडं करायचं. मास्क आणि ग्लोव्ह्ज तर पाहिजेतच.

फिन्स, म्हणजे बोर्डाखालचे माशासारखे पर, तीन लावल्या, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं बेल्स बीचची स्पर्धा ज्या मांडणीवर जिंकली तीच, अजून बहुतेक लोक तीच वापरतात.

नोव्हेंबरात आश्वेला पाण्यात घातला. चौथ्या लाटेला उभा राहिलो, किनाऱ्यापर्यंत आलो. बाबा वाळूवर उभे होते, बोर्ड उलटा केला, भरलेल्या भोकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, दुसऱ्या बोर्डाचा फर्मा कधी कापायचा.