अमिकॅसिन, जेंटामायसिन आणि कान

दिवसभर ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, खोलीत बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "ऐकू येतं हो, पण शब्द कळत नाहीत." सोबत अमिकॅसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांचा कोर्स झालेला असेल, तर आलेख बघायच्या आधीच अंदाज येतो.

अमिकॅसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन हा एकच गट. ही औषधं आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. नेहमीची तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच जाते, म्हणून ती नॉर्मल आली तरी निर्धास्त राहू नका. ९००० ते १६००० हर्ट्झची वेगळी करून घ्या. पहिली तपासणी शक्यतो पहिल्या इंजेक्शनच्या आधीच हवी, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ऐकण्यापेक्षा तोल जास्त बिघडवतात. अंधारात चालताना झोक जातो, आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे!

किडनी कमजोर असेल तर औषध अंगात साठतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघायलाच हवं. जोडीला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. आईकडच्या नात्यात इंजेक्शननंतर कुणाला बहिरेपण आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यामागचा जनुकीय दोष आईकडूनच येतो आणि तो असेल तर बहिरेपण यायला मोजके डोसही पुरतात.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या (औषधरोधक) टीबीच्या उपचारातून २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वगळलं, बेडाक्विलिनच्या गोळ्या पुढे आल्या. फार उशिरा, असं माझं मत.

कानात शिट्टी वाजू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इंजेक्शन मनाने बंद करू नका. आणि हो, कोर्स संपल्यावरही काही आठवडे ऐकू येणं घटू शकतं.